मागच्या जाळीतली ऊब

१

आहुप्याची इंद्रायणी गवारी सकाळी उठली की आधी जीप पुसायची आणि मग चुलीकडे वळायची. सासू सुंदराबाई त्यावरून बोलायच्या, पण त्या बोलण्यात राग नसायचा. गावात बाईनं प्रवासी गाडी चालवायची ही पहिलीच वेळ, आणि ती बाई आपली सून, हे सुंदराबाई घोडेगावच्या बाजारात अनोळखी माणसाला थांबवूनही सांगायच्या. नवरा ज्ञानेश्वर चाकणला कंपनीत. तो रविवारी यायचा आणि बायकोच्या शेजारच्या सीटवर मुकाट बसून बाजाराला जायचा. त्यातही त्याचा अभिमान लपायचा नाही.

जीप जुनी होती. आधी पुण्याच्या कुणा हौशी माणसाची होती, म्हणून तिच्यात जास्तीच्या वस्तू होत्या. पुढं हीटर आणि एसी, आणि मागच्या सीटांच्या वर छतात हवा सोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळ्या. आहुप्याच्या रस्त्याला एसीचं काय काम, आणि हीटरनं डिझेल फार जातं अशी इंद्रायणीची समजूत. तिनं ती बटणं कधी फिरवली नव्हती. जाळ्या मात्र ती रोज ओल्या फडक्यानं पुसायची. पावसाळ्यात एसटी बंद पडायची तेव्हाही ही गाडी खाली उतरायची आणि वर यायची. दवाखान्याचं माणूस असो की कॉलेजची पोरं, तिनं कुणाला आजवर वाटेत उतरवलं नव्हतं.

थंडी सुरू झाली होती. घाट उतरला की रस्ता धरणाच्या पाण्याकडेनं जातो, आणि त्या दिवसांत पाण्यावरचं धुकं थेट रस्त्यावर येऊन बसतं. अशाच एका सकाळी घोडेगावच्या स्टँडवर सगळे उतरले, आणि वाटेवरच्या तिरपाड गावची एक म्हातारी पैसे देऊन झाल्यावरही तिथंच उभी राहिली.

"बाय माझी, लई बेस केलंस," ती म्हणाली. "मागं बसले तर काय ऊब. वाटभर डोळा लागला व्हता."

"गाडीच तशी हाय, आजी," इंद्रायणी म्हणाली.

शेजारी दुसऱ्या गाड्यांचे चालक उभे होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती हे बोलली. म्हातारी गेली. इंद्रायणी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभी राहिली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिची स्वतःची बोटं थंडीनं लाकूड झाली आहेत. स्टेअरिंग धरून वाटभर ती कुडकुडत आली होती. तिनं दार उघडून पाहिलं. हीटरचं बटण बंदच होतं.

२

स्टँडच्या मागे रामदासचं गॅरेज होतं. गाड्यांचं वायरिंग हे त्याचं काम. इंद्रायणीनं सगळं सांगितल्यावर त्यानं पुढचा प्लॅस्टिकचा भाग खोलला, टॉर्च तोंडात धरला आणि बराच वेळ आत डोकं घालून बसला. बाहेर आला तो हसतच.

"उंदीर, ताई. वायरी कुरतडल्यात. दोन उघड्या वायरी एकमेकींना लागल्या की आतला पंखा आपोआप चालू व्हतो. पंखा चालू-बंद करणारा रिलेबी चिकटलाय."

"पण ऊब मागं येत होती, रामदासभाऊ. पुढं मला काहीच नाही."

"पुढची हवा मागं न्यायला छतात नळी हाय. आतलं झाकण मागच्या बाजूला अडकलं असंल. जुन्या गाडीत व्हतं असं."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. त्यानं वायरी बदलल्या, रिले नवा घातला, आणि निघताना फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला. "हा काढला का हीटर, एसी, पंखा, समदं मेलं. लागंल तवा घाला."

इंद्रायणीनं तो चिमुकला फ्यूज ब्लाउजच्या आत पाकिटात ठेवला. मनातून तिला हलकं वाटलं. गाडीत दोष असतो तसा दोष होता, आणि तो निघाला होता.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी, पाण्याकडेच्या रस्त्यावर एक वळण आहे, जिथून जुना रस्ता खाली उतरून पाण्यात जातो, तिथं तिला मागून आवाज आला. पंख्याची घरघर तिला ठाऊक होती. हा आवाज तसा नव्हता. हवा सुटल्याचा लांब, मऊ आवाज, मग थोडी शांतता, मग पुन्हा तोच. मागं बसलेली माणसं एकमेकांशी बोलत होती, ती एकेक करत गप्प झाली. तिनं आरशात पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. एका पोरीनं तर डोक्यावरचा स्कार्फ काढून मांडीवर ठेवला होता, उकडत असल्यासारखा.

इंद्रायणीनं एका हातानं पाकीट चाचपलं. फ्यूज तिथंच होता.

३

या वेळी रामदास हसला नाही. "फ्यूजबिगर हवा कशी सुटंल," एवढंच म्हणाला आणि मागच्या सीटवर चढून छताचं अस्तर सोडवू लागला. स्क्रू काढले, जाळ्यांची पट्टी खाली घेतली, आत टॉर्च मारला.

"ताई, मागचा पंखा इथं न्हाईच."

"म्हणजे?"

"पैल्या मालकानं काढून टाकलाय. नुसती रिकामी नळी हाय. आन् पुढून जी नळी इकडं यायला पायजे, ती मधीच कापून तिचं तोंड बंद केलंय. बघा तुमी."

तिनं पाहिलं. कापलेल्या तोंडावर कुणीतरी काळी पट्टी गुंडाळली होती. पट्टी जुनी, धुळीनं भरलेली, आणि अजून घट्ट होती. पुढची हवा मागं येण्याला वाटच नव्हती.

रामदासनं जाळ्यांची पट्टी परत बसवली. मग त्यानं कोपऱ्यातल्या गोणपाटातून एक तागाचा दोरा उपसला आणि तो डावीकडच्या जाळीला बांधला. गॅरेजचं शटर ओढून घेतलं, जीपची दारं लावली, काचा वर केल्या. बॅटरीची वायर तर त्यानं आधीच काढून ठेवली होती. दोघं पुढच्या सीटवर बसून मागं वळून पाहत राहिले.

दोरा सरळ लोंबत होता. इंद्रायणीला वाटलं, उगाच आपण दोन मोठी माणसं दोऱ्याकडे बघत बसलोय. तिला हसूही येऊ लागलं.

तेवढ्यात दोऱ्याचं टोक हळूच पुढं आलं. जाळीपासून लांब झालं, थोडं थरथरलं, पुन्हा सरळ झालं. रामदास पुटपुटला, "फट असंल कुठं तरी. वारा." आणि तो बोलत असतानाच दोरा उलट्या बाजूला हलला. जाळीच्या आत ओढला गेला. पूर्ण लांबी आत जाईपर्यंत ओढला गेला, तिथं थांबला, आणि मग सावकाश बाहेर सोडला गेला.

रामदासनं दार उघडून शटर वर केलं. उन्हात जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "वायरिंगचा दोष असता तर म्या काढला असता, ताई. ही गाडी काढून टाका. गिऱ्हाईक मी बघतो."

"गाडी माझी आहे," इंद्रायणी म्हणाली.

"मी कुठं न्हाई म्हणतो."

"आणि हे कुणापाशी बोलायचं नाही, भाऊ. लोकं बसायची बंद होतील. आमच्या गावाला दुसरी गाडी नाही."

रामदासनं मान हलवली. जाळीचा दोरा मात्र त्यानं सोडला नाही. तिनं स्वतः मागं चढून तो सोडला. दोरा ओलसर होता.

४

घरी येऊन तिनं जाडी चिकटपट्टी घेतली आणि छतातल्या सगळ्या जाळ्या बंद करून टाकल्या. वरून दुसरा थर दिला. कुणी विचारलं तर धूळ येते म्हणून सांगायचं ठरवलं. पट्टी लावताना तळहाताखाली तिला काही जाणवलं नाही, आणि त्या न जाणवण्याचाच तिला आनंद झाला.

दुसऱ्या सकाळी ती फडकं घेऊन अंगणात आली. जीपच्या सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. दव असेल म्हणून तिनं बाहेरून फडकं फिरवलं. काच बाहेरून कोरडी होती. वाफ आतून होती. रात्रभर बंद असलेल्या, रिकाम्या गाडीत आतून.

तिनं घाईघाईनं आत शिरून सगळं पुसलं. पहिला प्रवासी यायच्या आत काचा लख्ख केल्या. पुढं हे रोजचंच झालं. ती थोडी लवकर उठू लागली. सुंदराबाईंना वाटलं, सुनेला गाडीचा नाद वाढलाय.

एका संध्याकाळी भाकरी थापताना इंद्रायणीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्याबाई, धरणाच्या कडेला जुना रस्ता खाली पाण्यात जातो बघा. तो कुठं जात होता?"

सुंदराबाईंचं माहेर पाण्यात गेलं होतं. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण त्या स्वतः त्याबद्दल बोलायच्या नाहीत. जीपमध्ये बसल्या तर पाण्याच्या बाजूची सीट कधी घ्यायच्या नाहीत.

"आमच्याच गावाला," त्या म्हणाल्या. "वरती फाट्याला चिंच व्हती. गाडी यायची म्हणून मानसं तिथं येऊन बसायची. थंडीत एकमेकाला चिकटून."

"कुठं जायला?"

"जिकडं ज्याचं कुणी आसंल तिकडं." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "का गं?"

"काही नाही. सहज."

सुंदराबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तवा उतरवला आणि तो विषय तिथंच राहिला.

५

शेजारच्या बहिरूची बायको आशा पहिलटकरीण होती. दिवस अजून भरले नव्हते, म्हणून सगळे निवांत होते. एका पहाटे, उजाडता उजाडता, बहिरू अनवाणीच इंद्रायणीच्या दारात आला.

"वहिनी, तिचं पाणी गेलं. लई दुखतंय तिला."

इंद्रायणीनं जीपमध्ये मागं गोधडी अंथरली. आशाला बहिरूनं उचलून आत निजवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. फोनला रेंज नव्हती, आणि खालून दवाखान्याची गाडी येऊन परत जाईस्तोवर उशीर झाला असता. आहुप्याच्या एवढ्या मोठ्या गावानं या क्षणी आपल्याच गाडीकडे बघावं याचं इंद्रायणीला भय वाटलं आणि बळही आलं. तिनं किल्ली फिरवली.

घाट ती डोळे मिटूनही उतरली असती. पण खाली पाण्यापाशी धुकं दाटलं होतं, आणि बंद जीपमध्ये तीन माणसांचे श्वास चालू होते. समोरची काच आतून धुरकटू लागली. तिनं हातानं पुसलं. पुढच्या क्षणी पुन्हा पांढरं. खिडकी उघडली तर बोचरं धुकं आत आलं आणि आशाचे दात वाजू लागले. हीटर लावावा म्हणून तिनं पाकिटातला फ्यूज काढून दाबून बसवला आणि बटण फिरवलं. काहीच झालं नाही. गॅरेजमधल्या त्या दिवसानंतर तिनं रामदासकडून पुढच्या पंख्याची वायरही तोडून घेतली होती, ते तिला आता आठवलं.

"वहिनी, थांबू नका," बहिरू म्हणाला.

"दिसत नाही रे मला."

रस्त्याची एक बाजू म्हणजे सरळ पाणी. तिनं गाडी थांबवली. कुठं थांबलोय ते पाहायला काच खाली केली, आणि तेच वळण होतं. जुना रस्ता धुक्यात खाली उतरत होता. मागं आशा कण्हत होती, आणि त्या कण्हण्यात आता मधला विसावा राहिला नव्हता.

इंद्रायणी खाली उतरली, मागचं दार उघडून आत चढली आणि वाकून छतातल्या चिकटपट्ट्या ओढून काढू लागली. एक, मग दुसरी, मग सगळ्याच. नखं दुखावली. बहिरू बघतच राहिला.

"आधी हिला पोचवू द्या," ती जाळ्यांकडे तोंड करून म्हणाली. आवाज चढवला नाही. गाडी भरलेली असताना मागच्या माणसांना सांगावं तशी बोलली. "मग तुमचं बघते मी."

बहिरूला वाटलं, वहिनी देवाला बोलतायत. त्यानं हात जोडले.

ती पुढं येऊन बसली तोवर ऊब आली होती. कुणी तरी अगदी जवळ येऊन मानेवर फुंकर घालावी तशी, पण एकाची नव्हे. पुढच्या काचेवरची वाफ डावीकडून विरत गेली. बरोबर तिच्या डोळ्यांसमोर एक स्वच्छ पट्टा उघडला, आणि त्यातून रस्त्याची कड दिसली.

"आता बरं वाटतंय," मागून आशा म्हणाली. "कोण धरून बसलंय मला?"

"मी हाय की," बहिरू म्हणाला.

"तू न्हाई. पायाशी."

इंद्रायणीनं आरशात पाहिलं नाही. गिअर टाकला आणि घोडेगावच्या दवाखान्याच्या दारात जाईपर्यंत तिनं नजर रस्त्यावरून हलवली नाही.

६

मुलगी झाली. लहान होती, पण रडली जोरात. सिस्टरनं बाहेर येऊन सांगितलं, "अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं." बहिरू भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. मग त्यानं उठून इंद्रायणीच्या पायांना हात लावला. तिनं त्याला दटावलं, पण आतून तिचा ऊर भरून आला. माझी गाडी, तिला वाटलं. माझ्या गाडीनं आणलं.

दुपारी ती परत निघाली. आशाजवळ बहिरू राहणार होता, त्यामुळे गाडी रिकामी जायची होती. झाडाखाली लावलेली जीप आता कडक उन्हात आली होती. दारं बंद, किल्ली तिच्या हातात.

सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. भर बाजाराच्या दिवशी माणसं कोंबून भरली की होतात तशा.

ती काही पावलांवर थांबली. मागच्या काचेवर, डाव्या बाजूला, आतून काहीतरी गोल फिरलं. वाफ पुसून बाहेर बघायला प्रवासी तळहात फिरवतो तसं. एक गोल स्वच्छ झाला. त्यामागं काळोख होता, आणि काळोखात काहीतरी तिच्या उंचीला येऊन थांबलं. मग तो गोल पुन्हा वाफेनं भरला, आणि पुन्हा आतून पुसला गेला.

समोरच्या स्टँडवरचे चालक तिच्याकडे पाहत होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. एकानं दुरूनच हात वर केला, "मानलं राव तुमच्या गाडीला."

इंद्रायणीनं मान डोलावली. मागं फिरावं, चालत कुठंही जावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. पण तिनं शब्द दिला होता, आणि बघणारे बघत होते, आणि गाडी तिची होती. ती गेली, दार उघडलं, बसली. आत ओल्या मातीचा वास होता आणि ऊब होती. तिनं पुढची काच तेवढी पुसली.

गाडी निघताच तिला कळलं. स्टेअरिंग हलकं झालं होतं आणि मागची बाजू जड. भरल्या गाडीचे चाकांवरचे पाटे दबतात तसे मागचे पाटे दबले होते, आणि खड्ड्यात गाडी खाली टेकत होती. पाण्याकडेच्या वळणावर तिनं गाडी थांबवली, मागं गेली, दार उघडलं आणि बाजूला उभी राहिली. तिला वाटलं, इथंच उतरायचं असेल. पाण्यावर ऊन पडलं होतं. एक बगळा उडून गेला. पाटे हलले नाहीत. कुणी उतरलं नाही.

"वरती यायचंय होय," ती म्हणाली आणि दार लावलं.

घाट ती पहिल्या गिअरमध्ये चढली. इंजिन तापलं, पण तिनं गाडी मध्ये कुठं बंद पडू दिली नाही. मागून आवाज येत होता, लांब आणि मऊ, आणि चढ संपत आला तसा तो भराभर येऊ लागला. गाव जवळ आलं की मागं बसलेल्यांची चुळबुळ सुरू होते, तसा.

दिवेलागणीला जीप अंगणात येऊन उभी राहिली. तिनं इंजिन बंद केलं, मागं जाऊन दार पूर्ण उघडलं आणि धरून ठेवलं. स्वतः तोंड दुसरीकडे, राईकडे वळवलं. हात मात्र दारावर होता, म्हणून तिला कळत होतं. आधी काहीच नाही. मग गाडी किंचित वर उचलली गेली. थोड्या वेळानं पुन्हा किंचित. तिच्या कोपराजवळून ऊब गेली, मग आणखी एक, खालून, लहान मुलाच्या उंचीची. ती दार धरून उभी राहिली. वाड्यातल्या शेळ्या ओरडायच्या थांबल्या होत्या. पाटे एकेक करत मोकळे होत होते, आणि कुणालाही घाई नव्हती.

शेवटी गाडी पूर्ण वर आली. दार तिच्या हातात गार पडलं होतं.

आतून सुंदराबाईंचा आवाज आला, "इंद्रा, आशाचं काय झालं गं?"

"मुलगी झाली, आत्याबाई. दोघी बऱ्या आहेत."

"भैरवनाथा." आणि मग थोडं थांबून, ओट्यावर काही ऐकल्यासारखं, "तुझ्यासंगं कोण आलंय?"

इंद्रायणीनं ओट्याकडे पाहिलं. शेणानं सारवलेली जमीन केव्हाच वाळली होती. आता ती पायरीपासून उंबऱ्यापर्यंत ओली होत चालली होती.

तिनं जीपचं दार लावलं, पदर सारखा केला आणि ताठ मानेनं घराकडे निघाली.

"तुमच्या माहेरची माणसं आहेत, आत्याबाई," ती म्हणाली. "मी आणलीत."